दहाची हजेरी

चेन्नईच्या अंबत्तूरला खोली भाड्यानं घ्यायला गेलो तेव्हा घरमालकांनी पहिल्या दिवशी मला घरात घेतलंच नाही. संध्याकाळी पाचला या म्हणाले होते. मी गावात नवखा. बसमधून भलत्याच थांब्यावर उतरलो आणि पोचायला पाच वाजून वीस मिनिटं झाली. फाटकाच्या आत एक काटकुळे गृहस्थ पांढऱ्या वेष्टीत, तिकडच्या धोतरात, उभे होते. शर्टाच्या बाह्या मोजून दोन घड्या घातलेल्या, खिशाला एक पेन आणि एक लाल पेन्सिल. त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "उद्यां पांचाला या." मला वाटलं, म्हातारा गंमत करतोय. आतून कडी लागली तेव्हा कळलं की गंमत बिंमत काही नाही.

दुसऱ्या दिवशी पावणेपाचलाच जाऊन कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर बसलो आणि पाचच्या ठोक्याला फाटकाशी हजर झालो. चेन्नईत तोवर चार घरं पाहिली होती. सगळ्यांनी मांसमच्छी खाता का, लग्न झालंय का, मित्र येतात का, हे विचारलं होतं. यांनी एकच प्रश्न विचारला.

"उठतां केव्हां?"

"पाचला. सव्वासहाला कंपनीची बस असते."

"सरि. खोली तुमची."

हे बोलणं मराठीत झालं याचा आनंद मानायलाही मला उसंत मिळाली नाही. त्यांचं घराणं तंजावरचं, मराठी राजांबरोबर तिकडे गेलेलं. त्यांची मराठी म्हणजे पेटीच्या तळाशी सापडलेलं जुनं पत्र कुणीतरी तमिळ हेल काढून वाचून दाखवावं तशी होती. 'मज ठाऊक नाहीं', 'तुम्हांस सांगतों' असं ते कोथिंबीर आणायला सांगतानाही बोलत. माझ्या वर्ध्याकडच्या मराठीला ते 'घाईची मराठी' म्हणायचे. मी त्यांना काका म्हणू लागलो. गल्लीत मात्र सगळे त्यांना 'टैम सार' म्हणत. हे नाव त्यांनी एकतीस वर्षं नोकरी करून कमावलं होतं.

औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ते टाइम ऑफिसला होते. कोण केव्हा आला, कोण केव्हा गेला, कोण आलाच नाही, हे मस्टरवर लिहायचं, एवढंच काम. पण ते काम त्यांनी देवळातल्या पुजाऱ्यानं करावं तसं केलं. त्यांचा सख्खा मेव्हणा त्याच कारखान्यात होता. त्याच्याच लग्नानंतरच्या पहिल्या दिवशी तो तीन मिनिटं उशिरा आला आणि काकांनी त्याला उशिरा म्हणून लिहिलं. त्यावरून सासुरवाडीनं वर्षभर अबोला धरला. मी म्हटलं, "काका, तीन मिनिटांनी काय बिघडलं असतं?"

ते म्हणाले, "उशिरां येणें हा गुन्हा नाहीं. मनुष्य आहे, होतो उशीर. उशिरां आलेल्यास वेळेवर लिहिणें हा गुन्हा. तो माझा झाला असता."

एकतीस वर्षांत एकही खोटी हजेरी लिहिली नाही, याचा त्यांना केवढा अभिमान होता! लोक मुलांचे मार्क सांगतात तसे ते हे सांगत. मस्टरवरच्या खुणाही त्यांनी मला एकदा समजावून दिल्या होत्या. हजर, गैरहजर, रजा, आणि ओडी. ही शेवटची त्यांची लाडकी. माणूस कारखान्याच्या कामासाठी बाहेर गेला असला, बँकेत म्हणा, कोर्टात म्हणा, तर तो फाटकावर दिसत नाही, पण त्याला गैरहजर लिहायचं नाही. ओडी लिहायचं, म्हणजे आउटडोअर ड्यूटी. "सगळ्यांत मानाची खूण," ते म्हणायचे. "मनुष्य इथें नाहीं, पण कामावर आहे."

अशा माणसाच्या घरात राहायचं म्हणजे थोडं सोसावं लागणारच. रात्री दहाला फाटक बंद. अंघोळीचं पाणी साडेपाच ते सहा. पण यापेक्षा मोठी अट अंगणाची होती. फाटकापासून माझ्या जिन्यापर्यंत शहाबादी फरशीचे अकरा तुकडे मातीत बसवले होते. यायचं, जायचं, ते त्या तुकड्यांवरूनच. माती तुडवायची नाही. हातात सिलिंडर असो की भाजीच्या पिशव्या, मी आपला लंगडीच्या खेळासारखा अकरा उड्या मारत घरात शिरायचो. अंगणात तुळस नाही, जास्वंद नाही, ज्याची राखण करावी असं काही म्हणजे काही नाही. नुसती माती आणि तिच्यावर पसरलेलं कसलंसं लालसर तण. म्हाताऱ्याला वेड लागलंय असा मी निष्कर्ष काढला, आणि भाडं परवडत होतं म्हणून गप्प बसलो.

रोज सकाळी साडेनऊला ते ओसरीच्या खुंटीवरून एक लांबुळकं जुनं मस्टर काढतात आणि अंगणात उकिडवे बसतात, हे मला शेजारच्या इस्त्रीवाल्याकडून कळलं. स्वतः मी ते कधी पाहिलं नव्हतं. सव्वासहाला मी इरुंगाट्टुकोट्टैच्या बसमध्ये, तिथल्या कारखान्यात दिवसभर ब्रेकचे सुटे भाग मोजपट्टीला लावून पाहायचे आणि संध्याकाळी सातला परत. सुट्टीच्या दिवशी बारापर्यंत मढ्यासारखा झोपायचो. असे चौदा महिने गेले.

एक दिवस कारखान्यात वीज नव्हती म्हणून आमची बस अर्ध्या वाटेवरून परत फिरली. दहाला दहा कमी असताना मी फाटक उघडलं. काका अंगणात बसलेले. मला पाहिलं मात्र, तरुण माणसासारखे उठले, माझं मनगट धरलं आणि मला त्या तणाशेजारी बसवलं. "हालूं नका. बोलूं नका. पहा."

मी पाहिलं. जमिनीला चिकटून चाललेल्या, सुतळीएवढ्या लाल काड्या. त्यांना तांदळाच्या दाण्याएवढी जाडसर पानं. प्रत्येक पेरापाशी पांढरी केसाळ लव, बोंडातून कापूस डोकवावा तशी. काडीच्या टोकाला चार पानांच्या मधोमध एक पिवळा ठिपका. मी म्हणणार होतो, यात काय पाहायचंय, आणि तेवढ्यात त्या ठिपक्याचं फूल झालं. कसं झालं ते मला नीट सांगता येणार नाही. शर्टाच्या बटणाएवढं, चार पाकळ्यांचं, असं पिवळं की डोळ्यांना ऊन लागावं. मग शेजारचं. मग हातभर लांबचं. पाच-सात मिनिटांत त्या भिकार अंगणावर कुणीतरी हळदीची चिमूट चिमूट टाकत गेल्यासारखं झालं. आणि काका लाल पेन्सिलनं मोजत होते. पुटपुटत, बोट एकेका फुलावर नेऊन.

"छप्पन हजर," ते म्हणाले, आणि मस्टरवर आकडा लिहिला. शेजारी वेळ लिहिली.

बाराला सगळी मिटतात, त्यांनी सांगितलं. उद्या उमलतील ती दुसरी. ऊन नसलं तर एकही उमलत नाही. मिटलेल्या फुलाची कुपी होते, तिला वर टोपण असतं, कुंकवाच्या करंड्यासारखं. ते निघून पडलं की आत मोहरीहून बारीक काळं बी. तमिळमध्ये याच्या मोठ्या, रंगीत भावंडाला पत्तुमणी म्हणतात, म्हणजे दहा वाजताचं. नर्सरीत मिळतं. "तें नटवें," काका म्हणाले. "हें खरें. यास कोणी लावीत नाहीं, कोणी पाणी घालीत नाहीं, आणि हें एक दिवस उशीर करीत नाहीं."

मग त्यांनी ते सांगितलं, जे मी त्यांच्याकडून त्या एकदाच ऐकलं. निवृत्त झाल्यावर पहिल्या सकाळी काय करावं ते कळेना म्हणून ते ओसरीवर बसले होते. दहाला हे अंगण असं उघडलं. ते घाबरून बायकोला हाका मारू लागले. ती स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि म्हणाली, "हें रोजचें आहे."

"एकतीस वर्षें," काका म्हणाले, "मी हजारों मनुष्यांस वेळ शिकवीत होतों. माझ्या दारांत हें होतें. सुट्टीच्या दिवशीं मी घरींच असें बरें. पेपर वाचीत असें." त्या बाई दोन वर्षांनी गेल्या. मस्टर त्या गेल्यापासून सुरू झालं होतं.

आता अशा वेळी माणसानं गप्प बसावं. पण मी ओळखीचं काही दिसल्याच्या आनंदात बोलून गेलो, "अहो काका, ही तर चिवळ! आमच्याकडे हिची भाजी करतात. बेसन पेरून. काय लागते म्हणता!"

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी त्यांच्या मांजराची भाजी करतो म्हणालो असतो तरी परवडलं असतं. "तुम्ही हें खातां?" एवढंच विचारलं आणि आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

काकांचा एकुलता एक मुलगा माझ्याच वयाचा, गिंडीच्या एका सॉफ्टवेअर ऑफिसात. त्याचं काम दुपारी सुरू होऊन मध्यरात्रीपर्यंत चालायचं, आणि उठायचा अकराला. स्वभावानं अतिशय चांगला. पण मराठी त्याला आजोळच्या नातेवाइकासारखी, ओळखीची पण सवयीची नव्हे. बाप मराठीत बोलायचा, मुलगा तमिळमध्ये आणि इंग्रजीत उत्तर द्यायचा, आणि दोघांचं फारसं बोलणं व्हायचंच नाही. एक उठायचा तेव्हा दुसऱ्याचा अर्धा दिवस संपलेला असायचा. "माझा पुत्र," काका म्हणायचे, "अमेरिकेच्या टैमवर हजर असतो."

या मुलानं गाडी घेतली. नवीन, चंदेरी रंगाची. रस्त्यावर कडुनिंबाखाली लावायचा तर कावळे दुसरी जागा नसल्यासारखे तिच्यावरच बसायचे, आणि पोरांचा क्रिकेटचा चेंडू एकदा काचेवर बसला. तेव्हा त्यानं ठरवलं की अंगणात सिमेंटचा कोबा करून गाडी आत घ्यायची. त्याचं काही चुकलं असं मलाही वाटेना. गाडीपुढे तण म्हणजे काय!

"अप्पा, इट इज जस्ट वीड," तो म्हणाला. मी जिन्यात चपला घालत होतो.

मला वाटलं, आता काका फुटतील. पण ते टाइम ऑफिसचे. म्हणाले, "घर उद्यां तुझेंच आहे. तूं ठरव. पण एक दिवस दहाला अंगणांत ये. पहा. मग जें ठरवशील त्यास माझी ना नाहीं."

"ओके अप्पा. संडे, टेन ओ'क्लॉक." मुलानं हसत हात पुढे केला. काकांनी तो धरला. आणि त्या बुधवारपासून रविवारपर्यंत हा कडक म्हातारा दिवसातून चारदा आभाळाकडे पाहायला लागला. ढग आले की कासावीस व्हायचा. एका फुलाच्या वेळेवर सगळं अंगण पणाला लागलं होतं.

नेमकी त्याच आठवड्यात माझी आई आली होती. पोरगा कुठं राहतो, काय खातो, ते पाहायला महिनाभरासाठी. चार दिवसांत ती रडकुंडीला आली. "इथचे कुत्रेही तमिळमंधी भुकतेत बापा," म्हणायची. काकांचा तिला आधार वाटायला हवा होता, पण "तो बुढा पोथी वाचल्यावानी बोलते, मले अर्धं समजत नाही," अशी तिची तक्रार. काका तिला मातोश्री म्हणायचे, त्यानं ती आणखीच बुजायची. आणि मी, मी काय केलं? आईला पाण्याची वेळ सांगितली, फाटकाची वेळ सांगितली, अकरा फरशा दाखवल्या. ज्या एका गोष्टीबद्दल तिला बजावायला हवं होतं, तीच विसरलो. वर्ध्याच्या बाईला चिवळ दिसल्यावर काय होईल हे मला कळायला हवं होतं.

शनिवारी संध्याकाळी मी कामावरून आलो तर जिन्यातच लसणाच्या फोडणीचा वास. आई आल्यापासून पहिल्यांदा हसत होती. "काऊन रे, अंगणभर चिवय हाये अन् तू मेसचं खातं? थो बुढा देवळात गेला होता, म्या म्हटलं तण हाये, काढून टाकलं तं त्याचं बी अंगण साफ होईन. खाली बी वाटीभर दिली त्याले."

माझ्या हातातली पिशवी खाली पडली. मी उड्या मारत नाही, पळतच खाली गेलो. अजून पुरता अंधार झाला नव्हता. अंगण नांगरल्यासारखं मोकळं होतं; येताना नजर फरशांवर असल्यानं मला ते दिसलंच नव्हतं. काका ओसरीवर बसले होते आणि शेजारी आमची वाटी धुऊन ठेवलेली. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये म्हणून तिच्यात चमचाभर साखर घातली होती.

"तुमच्या मातोश्रींच्या हातास चव आहे," ते म्हणाले. "डोळे कमी दिसतात मज संध्याकाळीं. कसली भाजी होती?"

मी सांगितलं. ते उठून अंगणाच्या कडेला गेले, वाकून हातानं माती चाचपली आणि परत येऊन बसले. मी क्षमा मागत होतो, उद्या मुलाला मी समजावतो, पुढच्या रविवारी बोलवू, असं काहीबाही बडबडत होतो. आई जिन्यात पदर तोंडाला लावून उभी होती.

"मातोश्रींस कांहीं बोलूं नका," काका म्हणाले. "खाल्लें तें मीच. आणि बरें लागलें." मग म्हणाले, "दिवस बदलतां येत नाहीं. वेळ दिलेली आहे."

रविवारी आभाळ असं स्वच्छ होतं की मला त्याचा राग आला. साडेनऊला काकांनी मस्टर काढलं. अंगणात पाहायला काही नव्हतं, तरी ते काढलं. दहाला दोन कमी असताना मुलगा कॉफीचा पेला घेऊन बाहेर आला. डोळे सुजलेले, केस उभे, पण आला. सबंध अंगणावरून नजर फिरवून म्हणाला, "व्हेअर, अप्पा?"

काकांना मी आई-बाप गेलेल्या पोरासारखं उभं राहिलेलं त्या एकदाच पाहिलं. दहा वाजले. दहा वाजून पाच मिनिटं झाली. मुलगा बापाकडे पाहात होता, बाप मातीकडे. लाल पेन्सिल मस्टरवर टेकली. आता शून्य लिहिणार, आणि तेही अगदी बरोबर वेळ घालून, हे मला दिसत होतं.

"अवो, हे पाहा ना!" आई ओरडली.

ती अंगणाच्या कोपऱ्यातल्या हापशाशी तोंड धुवायला गेली होती. हापशाच्या कडेला तिनं काल भाजी निवडून टाकलेला केर होता. आमच्याकडे कोवळ्या काड्या भाजीत जातात, कळी धरलेल्या टाकून देतात, जून म्हणून. त्या कळीच्या काड्या, मुळं वर आणि शेंडे खाली, मातीत बरबटलेल्या, रात्रभर तशाच पडलेल्या. आणि त्या केरावर ऊन आलं होतं. आणि त्या केरातून, उलट्या, सुलट्या, आडव्या, जशा पडल्या तशा, पिवळी फुलं उघडत होती.

काका धावले. खरंच धावले, आणि धावताना माती तुडवली. गुडघ्यांवर बसून मोजायला लागले. मुलगा पेला हातात तसाच धरून त्यांच्या शेजारी बसला.

"पण अप्पा," तो चाचरत मराठीत म्हणाला, आणि बापाशी त्याला मराठीत बोलताना मी पहिल्यांदा ऐकत होतो, "हे... तोडलेलं आहे ना? काल? मग कसं उघडलं?"

"तोडलें तें यांस अजून कळलें नसेल," काका म्हणाले. "दहा वाजले तें कळलें." त्यांनी बोट शेवटच्या फुलावर ठेवलं. "एक्केचाळीस हजर."

मुलानं बराच वेळ पाहिलं. कॉफीवर साय धरली. मग "सरि, अप्पा," म्हणून तो आत गेला. सरि म्हणजे बरं. बरं म्हणजे काय ते त्यानं सांगितलं नाही, आणि त्याच्या ठरवण्याला ना नाही असा शब्द दिलेल्या काकांनीही विचारलं नाही. आईनं मात्र तासाभरात तो सगळा केर उचलून काडी काडी करून परत मातीत खोचला. "चिवय मरत नाही बापा," तिनं काकांना सांगितलं. "टाकली तिथं लागते." ते वाक्य काकांना पूर्ण समजलं. महिन्याभरानं ती गावी गेली तेव्हा अंगण पुन्हा लाल झालं होतं आणि काका तिला सोडायला सेंट्रल स्टेशनला आले होते, अर्थात गाडीच्या दीड तास आधी.

ऑक्टोबरात फाटकाशी रेतीचा ढीग पडला. शेजारी सिमेंटची पोती, वर निळी ताडपत्री. काकांनी पाहिलं आणि शब्दाला जागून गप्प राहिले. तेवढ्यात त्यांचं हर्नियाचं दुखणं उठलं. ऑपरेशन करायचं, पण साखर वाढलेली, म्हणून चार दिवस आधीच दाखल व्हायचं ठरलं. निघताना मुलगा बॅग उचलत होता. काका ओसरीवर क्षणभर थांबले आणि कुणाकडेच न पाहता म्हणाले, "मस्टर खुंटीला आहे." तेवढंच.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना भेटायला गेलो. प्रकृतीचं विचारलं तर म्हणाले, "रेती?"

"आहे तिथेच आहे, काका."

ते खिडकीकडे तोंड करून पडून राहिले. त्याच रात्री मला कंपनीनं प्रशिक्षणासाठी पुण्याला धाडलं. तिथं बसून मी रोज चेन्नईच्या पावसाच्या बातम्या पाहायचो. घरी फोन करायचा धीर मात्र झाला नाही.

परतलो तो दहा-बारा दिवसांनी, सकाळी. रात्रभर पाऊस पडून उघडलं होतं. खांद्यावर बॅग घेऊन गल्लीत शिरलो आणि मागून ती चंदेरी गाडी आली. मुलगा चालवत होता, शेजारी काका. आजच घरी सोडलं होतं. फाटक उघडायला मी पुढे झालो आणि तसाच उभा राहिलो. ताडपत्री नव्हती. रेती नव्हती. अंगणात फाटकापासून भिंतीपर्यंत सिमेंटच्या दोन पट्ट्या ओढलेल्या होत्या, चाकांपुरत्या, हातभर रुंद. बाकी सगळी माती जशीच्या तशी. माझ्या अकरा फरशाही होत्या. गाडी त्या दोन पट्ट्यांवरून नेमकी आत गेली आणि थांबली. काका उतरेनात. काचेतून खाली पाहात राहिले.

"गाडी वर असली तर ऊन नाही लागणार ना," मुलगा स्टिअरिंगकडे पाहात म्हणाला. "म्हणून मी दहाच्या आत बाहेर काढतो. रोज."

"रोज?" काका म्हणाले. "तूं?"

मी त्यांना धरून ओसरीवर बसवलं. त्यांनी हात पुढे केला. मुलानं खुंटीवरून मस्टर काढून दिलं. त्यांचं चिमुकलं अक्षर संपून पुढे मोठं, वाकडं अक्षर सुरू झालं होतं. शनिवार, एकतीस, वेळ दहा वाजून चार मिनिटं. रविवार, अठ्ठावीस. सोमवार शून्य, शेरा 'क्लाउडी'. काकांचं बोट मंगळवारवर थांबलं. तेवीस, दहा वाजून सहा मिनिटं. बुधवार पुन्हा शून्य. गुरुवार शून्य. पुढे कालपर्यंत एकही दिवस रिकामा नव्हता.

"मंगळवारीं ऊन नव्हतें," काका म्हणाले. "साडेनवाला मज ऑपरेशनला नेलें, तेव्हां दवाखान्यांत दिवे लावावे लागले होते."

मुलाचे कान लाल झाले. एवढा मोठा माणूस, पण गृहपाठ केला नाही म्हणून उभं केल्यासारखा उभा होता.

"तूं मोजलेंस?"

"नाही, अप्पा." मग तो हळू म्हणाला, "मी इथं नव्हतोच. थिएटरच्या बाहेर बसलो होतो. संध्याकाळी घरी आलो, मस्टर काढलं. त्या दिवशी..." त्याला मराठी शब्द सापडेना. तमिळमध्ये काहीतरी सुरू केलं, ते सोडलं. "त्या दिवशी झीरो लिहायला मला भीती वाटली."

मी काकांकडे पाहिलं. एकतीस वर्षं आणि त्यापुढची ही इतकी, एक खोटा आकडा नाही. त्यांनी खिशातून लाल पेन्सिल काढली. मला वाटलं, आज तरी राहू द्या काका. आज तरी डोळेझाक करा. पण त्यांनी त्या तेवीसवर एक सरळ रेघ मारली. मुलानं मान खाली घातली.

मग त्यांनी सावकाश शेजारच्या रकान्यात मुलाचं नाव लिहिलं. त्याच्यापुढे लिहिलं, ओडी. आणि खाली सही केली.

मुलाला ती खूण ठाऊक होती की नाही, मला माहीत नाही. टाइमकीपरचा मुलगा, असणारच. तो एकदम वळला आणि हापशाशी जाऊन तोंडावर पाणी मारू लागला. मी माझ्या बॅगेचा पट्टा उगाच घट्ट करत बसलो.

काकांनी मस्टर मिटलं. आभाळाकडे पाहिलं, मग मनगटाकडे.

"साडेनऊ झाले," ते म्हणाले. "गाडी काढ."